वेचणीचा भार, हमीभावाचा हिशेब

केंद्राने २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. त्यासाठी उत्पादन खर्च धरला ५,१४० रुपये. त्यात घरच्यांची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड मात्र नाही.

खानदेशात चोपडा, पारोळा, शिरपूरकडे खर्च बीटी बियाण्याच्या पाकिटापासून सुरू होतो; २०२५ मध्ये ते ९०१ रुपयांना होते. मग खत, निंदणी, गुलाबी बोंडअळीसाठी फवारण्या. सर्वांत जड जाते ती वेचणी. बोंडे एकदम फुटत नाहीत, त्यामुळे मजूर पुन्हा पुन्हा लावावे लागतात आणि मजुरी किलोवर द्यावी लागते. पावसात कापूस भिजला, तर भाव पडतो. मजुरी तेवढीच राहते.

अशात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय अन्यायाचा होता.

भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की माल नाकारतात. दिवाळीला हातात पैसा हवा असलेला शेतकरी मग गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने माप घालतो. खंड धरून हमीभाव ठरवावा आणि खानदेशातील केंद्रे दसऱ्यापूर्वी उघडावीत.