इंधनावरील कर : कोणाच्या खिशातून, कोणाच्या तिजोरीत?

५ मे २०२० च्या रात्री केंद्र सरकारने पेट्रोलवरील करात लिटरमागे १० रुपयांची आणि डिझेलवरील करात १३ रुपयांची वाढ केली. देशात टाळेबंदी होती. कारखाने बंद, रेल्वे बंद, रोजगार बंद. लक्षावधी स्थलांतरित मजूर डोक्यावर बोचकी घेऊन आपापल्या गावांच्या वाटा तुडवीत होते. तिसऱ्याच दिवशी, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडनजीक लोहमार्गावर मालगाडीखाली चिरडले गेले. एका घटनेमुळे दुसरी घडली, असे आमचे म्हणणे नाही. परंतु एकाच आठवड्यातील या दोन घटनांत एकाच राजवटीचा चेहरा दिसतो. ज्यांना घरी पोहोचविण्यासाठी सरकारला वेळेवर गाडी देता आली नाही, त्यांच्याच भाकरीवर अप्रत्यक्ष कराचा नवा बोजा लादण्यास मात्र त्याला एक रात्र पुरली.

त्या वेळी सरकारने असा डांगोरा पिटला की, या वाढीने पंपावरील भाव वाढणार नाही. ते अक्षरशः खरे होते, आणि म्हणूनच अधिक फसवे होते. जगाच्या बाजारात तेल कोसळले होते. भारत खरेदी करीत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव एप्रिल २०२० मध्ये पिंपामागे २० डॉलरच्या आसपास आला होता. ग्राहकाच्या हाती पडावयाची स्वस्ताई वाटेतच तिजोरीत वळविण्यात आली. पुढे ७ जूनपासून रोजच्या रोज भाव चढू लागले, आणि २४ जून रोजी दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झाले. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली.

‘बाजारभावा’चे ढोंग

पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त करण्यात आले. जून २०१७ पासून ते देशभर रोज बदलू लागले. यामागचे तत्त्वज्ञान असे सांगण्यात आले की, जगात तेल महागले तर ग्राहकाने जास्त मोजावे आणि स्वस्त झाले तर कमी. या तत्त्वज्ञानातील पहिला अर्धा भाग काटेकोरपणे अमलात आला. दुसऱ्या अर्ध्याचे काय झाले?

एप्रिल २०१४ मध्ये केंद्राचे उत्पादनशुल्क पेट्रोलवर लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे होते. कच्चे तेल उतरू लागताच नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या सव्वा वर्षात हे शुल्क नऊ वेळा वाढविण्यात आले. मे २०२० मध्ये ते पेट्रोलवर ३२ रुपये ९८ पैसे आणि डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे झाले. म्हणजे सहा वर्षांत पेट्रोलवर साडेतीन पटीच्या आसपास आणि डिझेलवर जवळजवळ नऊ पट! नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये असंतोषाच्या दडपणाखाली काही कपात करावी लागली. पण ८ एप्रिल २०२५ रोजी, तेल पुन्हा उतरत असताना, दोन्ही इंधनांवर पुन्हा २ रुपये चढविण्यात आले. चढत्या भावाची झळ जनतेला आणि उतरत्या भावाचा लाभ तिजोरीला, हाच या ‘मुक्त बाजारा’चा नियम आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थमंत्र्यांनी नवी सबब पुढे केली. मागील सरकारने काढलेल्या तेलरोख्यांची फेड करावी लागते, म्हणून कर कमी करता येत नाहीत! तेलरोखे काढण्याचे धोरण आम्हांला कधीच मान्य नव्हते. परंतु हिशोब तो हिशोब. अर्थमंत्र्यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार सात वर्षांत या रोख्यांवर मिळून सुमारे ७० हजार कोटी रुपये व्याज दिले गेले. उलट २०२०-२१ या एकाच वर्षात पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादनशुल्कातून केंद्राला सुमारे ३ लाख ७३ हजार कोटी रुपये मिळाले. सात वर्षांचे व्याज एका वर्षाच्या वसुलीच्या पंचमांशाएवढेही भरत नाही. सबब म्हणूनही ती लंगडी आहे.

‘श्रीमंतांवरील कर’ ही भूलथाप

सुशिक्षित मध्यमवर्गात एक समज पसरविण्यात आला आहे की, पेट्रोल ही मोटारवाल्यांची चैन आहे. त्यावर कर बसला तर गरिबाचे काय जाते? सरकारच्याच पेट्रोलियम नियोजन विभागाने करवून घेतलेल्या आणि २०१४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या पाहणीने याचे उत्तर दिले आहे. देशात किरकोळ विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकी वाहनांत जाते. मोटारींचा वाटा त्याच्या निम्म्यापेक्षा थोडाच अधिक आहे. डिझेलपैकी सुमारे १३ टक्के शेतीत, म्हणजे ट्रॅक्टर, पंप आणि अवजारे यांत खर्च होते. उरलेल्यापैकी फार मोठा भाग मालमोटारी, एस.टी. आणि अन्य वाहनांत जळतो. डिझेलवरील कर कांद्याच्या गोणीवर बसतो, सिमेंटच्या पोत्यावर बसतो, एस.टी.च्या तिकिटावर बसतो. ज्याच्या दारात सायकलही नाही, तोही तो भरतो.

औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा एखादा कामगार घ्या. कारखान्याजवळ घर परवडत नाही आणि बसची सोय नाही, म्हणून तो कर्ज काढून मोटारसायकल घेतो. महिन्याला २५ लिटर पेट्रोल लागले तर मे २०२० नंतरच्या दराने त्याने एकट्या केंद्र सरकारला सव्वाआठशे रुपये दिले; राज्याचा कर निराळाच. त्याचे उत्पन्न आयकराच्या टप्प्यातही येत नाही. कारखान्याचा मालक आपल्या आलिशान मोटारीत तेच पेट्रोल भरतो आणि लिटरमागे तेवढाच कर देतो. उत्पन्न कितीही असो, कर तोच; या ‘समते’लाच अर्थशास्त्र प्रतिगामी कर म्हणते.

आता दुसरे चित्र पाहा. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी पणजी येथे वार्ताहर परिषद घेऊन कंपन्यांवरील आयकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. नव्या कारखानदारी कंपन्यांना तर तो १५ टक्केच ठेवला. यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, हा अंदाज सरकारचाच होता. पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादनशुल्काचे केंद्राचे उत्पन्न २०१९-२० मध्ये सुमारे २ लाख २३ हजार कोटी होते, ते पुढील वर्षी ३ लाख ७३ हजार कोटींवर गेले. वाढ झाली सुमारे १ लाख ५० हजार कोटींची, आणि तीही टाळेबंदीमुळे इंधनाचा खप घटला असताना! मक्तेदारांना जेवढे सोडले, जवळजवळ तेवढेच जनतेकडून काढले. याआधी २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला होता. २०२२ च्या जुलैत खासगी तेलशुद्धीकरण कंपन्यांच्या बेसुमार निर्यात नफ्यावर बसविलेला विशेष कर डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकण्यात आला. जनतेवरील उपकर मात्र टिकून राहिले.

महाराष्ट्र सरकारही याच वाटेने गेले. २०१५ मध्ये दुष्काळनिवारणाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार बसला. म्हणजे दुष्काळग्रस्त शेतकऱ्याच्या पंपातील डिझेलवरच दुष्काळाचा कर! उलट २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड येथील विमानाच्या इंधनावरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरविण्यात आला. विमानाला सवलत आणि एस.टी.ला अधिभार, या राजवटीचा वर्गीय पक्षपात याहून स्पष्ट कसा व्हावा?

उपकराचा कावा

इंधनावर कर बसवून रस्ते बांधण्याची कल्पना नवी नाही. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्ते विकास समितीने पेट्रोलवर जादा कर सुचविला, आणि १९२९ मध्ये गॅलनमागे २ आण्यांच्या जादा शुल्कातून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. ती राजवट परकी आणि शोषक होती. तथापि, त्या निधीचा मोठा भाग प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात देण्याची तरतूद होती. स्वतंत्र भारताच्या आजच्या राज्यकर्त्यांनी याच्या उलट दिशा धरली आहे.

हा कावा समजून घेण्यासाठी राज्यघटनेचे २७० वे कलम पाहावे लागते. केंद्राच्या करांतील ठरावीक हिस्सा राज्यांना द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरविला. परंतु उपकर आणि अधिभार या वाटपातून वगळलेले आहेत. तेव्हा केंद्राने काय केले? मूळ उत्पादनशुल्क घटवीत नेले आणि उपकर-अधिभार फुगविले. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २ रुपयांनी कमी केले, ६ रुपयांचे अतिरिक्त शुल्क रद्द केले आणि त्याच क्षणी ८ रुपयांचा ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ लावला. पंपावरील भावात पैशाचाही फरक पडला नाही. परंतु राज्यांशी वाटून घ्यावयाचे २ रुपये केंद्राने आपल्या एकट्याच्या खिशात घातले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’ आला. त्यानंतर पेट्रोलवरील ३२ रुपये ९० पैशांच्या केंद्रीय करात वाटपयोग्य मूळ शुल्क किती उरले? अवघे १ रुपया ४० पैसे! त्याचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ५७ पैसे. देशातील सर्व राज्यांनी मिळून, लिटरमागे, ३२ रुपये ९० पैशांतील ५७ पैसे वाटून घ्यावयाचे. २०२०-२१ मधील ३ लाख ७३ हजार कोटींपैकी २० हजार कोटींहूनही कमी रक्कम राज्यांना मिळाली, हे सरकारनेच संसदेत सांगितले आहे.

बरे, उपकर ज्या नावाने घेतला त्या कामी तरी तो लागतो काय? भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१८-१९ च्या केंद्रीय लेख्यांवरील अहवालात नोंदविले की, त्या वर्षी निरनिराळ्या उपकरांतून व आकारणीतून जमलेल्या सुमारे २ लाख ७५ हजार कोटींपैकी सुमारे १ लाख ६४ हजार कोटीच संबंधित निधींकडे वळते झाले. उरलेले सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत राहिले. कच्च्या तेलावरील उपकर तेल उद्योगाच्या विकासासाठी १९७४ च्या कायद्याने बसविला गेला. त्याचे दशकभरात जमलेले १ लाख २४ हजार कोटींहून अधिक रुपये तेल उद्योग विकास मंडळाकडे गेलेच नाहीत. रस्त्याच्या नावाने पंपावर उपकर द्यावयाचा, आणि त्याच महामार्गावर चढताच पुन्हा पथकर भरावयाचा, असा हा व्यवहार आहे.

डाव्यांना विचारला जाणारा प्रश्न

आमचे विरोधक येथे विचारतात : केरळातील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारनेही २०२३ च्या अर्थसंकल्पात इंधनावर लिटरमागे २ रुपयांचा सामाजिक सुरक्षा उपकर लावला, त्याचे काय? प्रश्न टाळण्याचे कारण नाही. अप्रत्यक्ष कर कोणीही लावला तरी तो गरिबावर पडतोच. डाव्या सरकारच्या सहीने त्याचे स्वरूप पालटत नाही. परंतु वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्यांच्या हाती स्वतः दर ठरविता येतील असे कर फारच थोडे उरले. इंधन आणि मद्य हे त्यांतील प्रमुख. कंपन्यांवर आयकर बसविण्याचा अधिकार राज्याला नाही. केंद्राने वाटा अडवून धरला असता वृद्ध, विधवा आणि शेतमजुरांचे त्या वेळचे १६०० रुपयांचे मासिक निवृत्तिवेतन थांबवावयाचे की हा अप्रिय मार्ग पत्करावयाचा, एवढीच निवड त्या सरकारपुढे होती. त्या उपकराचे गुणगान आम्ही करणार नाही. राज्यांवर अशी पाळी आणणाऱ्या वित्तीय व्यवस्थेविरुद्ध मात्र आम्ही लढू.

‘पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा करात आणा’ या आकर्षक घोषणेतही हाच धोका दडला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौ येथील परिषदेच्या बैठकीत राज्यांनी त्याला विरोध केला, तो उगीच नव्हे. केंद्राचे उपकर तसेच ठेवून राज्यांचा उरलासुरला अधिकार तेवढा काढून घेतला, तर स्वस्ताई येणार नाही. राज्ये मात्र दिल्लीच्या दारातील याचक बनतील.

लढ्याच्या मागण्या

म्हणून श्रमिक जनतेच्या मागण्या निःसंदिग्ध असल्या पाहिजेत. इंधनावरील केंद्रीय उपकर आणि अधिभार रद्द करा. जो कर ठेवाल तो मूळ शुल्क म्हणून ठेवा आणि त्यातील राज्यांचा हिस्सा द्या. शेती, मासेमारी आणि सार्वजनिक वाहतूक यांना लागणाऱ्या डिझेलवर करसवलत द्या. जमलेल्या प्रत्येक उपकराचा पैन् पैचा हिशोब संसदेपुढे ठेवा. आणि तूट भरून काढावयाची तर कंपन्यांना दिलेली करसवलत मागे घ्या, संपत्ती कर पुन्हा बसवा, तेल कंपन्यांच्या अवाजवी नफ्यावर हात घाला.

पैसा नाही ही सरकारची हाकाटी खोटी आहे. पैसा आहे, तो कोणाकडून घ्यावयाचा आणि कोणाला सोडावयाचा, हा प्रश्न आहे, आणि तो हिशोबनिसांचा नसून वर्गांचा आहे. नोव्हेंबर २०२१ ची कपात पोटनिवडणुकांतील पराभवांच्या पाठोपाठ आली, हे जनतेने विसरता कामा नये. राज्यकर्त्यांना आर्जवाची भाषा कळत नाही; जनतेच्या संघटित रोषाची भाषा त्यांना लगेच उमगते. ती भाषा पंपापंपावर, एस.टी. आगारांत, बाजार समित्यांत आणि कारखान्यांच्या दारांवर बोलली गेली पाहिजे. हे काम आपले आहे.