राईडच्या उपकारावर किती दिवस?

न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसनमध्ये गाडी न चालवणाऱ्या माणसाला आपलं एकच उत्तर ठरलेलं असतं: "सांगा ना, मी सोडतो की!" भावना चांगली, उपाय म्हणून कुचकामी. आयुष्यभर लोकलला लटकलेले, एसटीने गावोगाव फिरलेले आईबाबा सहा महिन्यांसाठी इथे येतात आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी सुनेचं ऑफिस सुटायची वाट बघत बसतात. रोज राईड मागणार कोण? दोनदा मागतात, तिसऱ्यांदा "आज नको, गुडघा दुखतोय" म्हणतात. गुडघा दुखत नसतो.

बरं, आपण काही आडरानात राहत नाही. एडिसन आणि मेट्रोपार्क, दोन्ही स्टेशनांवरून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला थेट गाडी आहे. बासष्टी गाठलेल्यांना एनजे ट्रान्झिट तिकिटात सवलतही देते. घोडं अडतं ते घर ते स्टेशन एवढ्यात. मेट्रोपार्क 1971 साली बांधलं तेच मुळी गाडी लावून ट्रेन धरणाऱ्यांसाठी. चालत येणारा कुणाच्या हिशेबातच नव्हता. कित्येक रस्त्यांवर साइडवॉक मध्येच संपतो, आणि रूट 1 ओलांडायची वेळ आली की धडधाकट माणूसही मागे फिरतो. क्रॉसवॉकमधल्या माणसासाठी गाडी पूर्ण थांबवणं राज्यात 2010 पासून बंधनकारक आहे. शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर आपलीच मंडळी ते किती पाळतात, हे मी सांगायला नको.

बसचा विषय काढला की "बस रिकाम्याच धावतात, कशाला हव्यात?" असं म्हणणारे आपल्यातही आहेत. दोन बसच्या वेळांत फार अंतर ठेवलं तर त्या रिकाम्याच धावणार. शिवाय अपंगांसाठीची ॲक्सेस लिंक सेवा स्थानिक बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात आखलेली आहे. ज्या बसकडे आपण ढुंकूनही बघत नाही, तिच्या मार्गावर कुणाचं तरी डायलिसिसला जाणं अवलंबून असू शकतं.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. टाउनशिप कौन्सिलच्या सभेत लोकांना बोलायला वेळ राखलेला असतो. तिथे साइडवॉक आणि स्टेशनपर्यंतची शटल मागायला आपल्यातले दहाजण तरी उभे राहावेत. घरपट्टी आपणही भरतो. आणि आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती: पुढच्या गणपतीचा हॉल ठरवताना पार्किंगच्या आधी स्टेशनपासूनचं अंतर बघा, आणि आरतीची वेळ ट्रेनचं वेळापत्रक समोर ठेवून लावा.