फांशीचा दोर कोणाच्या गळ्यांत ?

गांवांत कोठें अघोरी गुन्हा घडला कीं दुसऱ्या दिवशीं पारावर, चावडीपुढें आणि बाजारांत एकच वाक्य ऐकूं येतें : "द्या फांशी, म्हणजे बाकीच्यांस जरब बसेल." असें म्हणणारे आमचेच शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार बंधु असतात. त्यांचा संताप खोटा नाहीं. ज्यांच्या घरची लेक गेली त्यांस 'शांत रहा' म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं, आम्हांसही नाहीं. तरीपण आज एक प्रश्न वाचकांपुढें ठेवणें आम्हांस भाग आहे. हा दोर आपण मागतों खरा. पण आजवर तो कोणाच्या गळ्यांत पडला, हें आपण कधीं पाहिलें आहे काय?

मनुस्मृतीचा आठवा अध्याय घ्या. जेथें इतर वर्णांस देहान्त शिक्षा, तेथें ब्राह्मणाचें नुसतें मुंडण करावें, असें त्यांत सांगितलें आहे. त्यानें सारीं पापें केलीं असलीं तरी त्यास मारूं नये. त्याच्या धनासह, अंगास इजा न करतां, राज्याबाहेर घालवावें, असाही हुकूम तेथेंच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास या ग्रंथाचें दहन झालें, तें उगीच नव्हे.

पुढें पेशवाई आली. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणरावाचा खून झाला. रामशास्त्र्यांनीं राघोबादादास देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही गोष्ट शाळेंतल्या पोरांस पाठ असते. पण पुढें काय झालें, तें कोणी सांगत नाहीं. मारेकरी गारद्यांपैकीं जे हातीं लागले त्यांस देहदंड झाला, आणि राघोबादादा दहा वर्षांनीं, १७८३ सालीं, कोपरगांवीं आपल्या मरणानें मेले. शास्त्रीबोवांचा निःस्पृहपणा आम्ही नाकारीत नाहीं. पण दोर पोंचला तो चाकरांपर्यंतच. धन्यापर्यंत पोंचला नाहीं.

कोणी म्हणेल, हीं जुनीं मढीं कशाला उकरतां ? १८६० च्या दंडसंहितेनें सर्वांस एकच शिक्षा केली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तींतही जात विचारलेली नाहीं. मग आतां तक्रार कसली ? तक्रार ही, कीं कायदा आंधळा असला तरी त्यास हाताला धरून नेणारे डोळस असतात, आणि ते त्यास कोणाच्या दारीं नेतात हें आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों आहों. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठानें फांशीच्या कैद्यांची पाहणी करून २०१६ सालीं ती प्रसिद्ध केली. त्या कैद्यांत शंभरीं ७४ जण गरिबींतले निघाले. शंभरीं ७६ जण मागास जातिजमातींचे किंवा अल्पसंख्य धर्मांचे निघाले. शंभरीं २३ जणांनीं शाळेचें तोंडही पाहिलेलें नव्हतें.

यावर एक आक्षेप येईल, कीं देशांत बहुजनच जास्त, म्हणून तुरुंगांतही तेच जास्त. यांत कांहीं अंशीं तथ्य आहे. म्हणून आंकडे बाजूस ठेवून एक खटलाच सांगतों. तो आपल्याच महाराष्ट्रांतला आहे.

जून २००३ मध्यें नाशिकजवळ पेरूच्या बागेंत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्रीं दरोडा पडला. पांच जीव गेले. बायकांची अब्रू लुटली गेली. घरची माय आणि एक मुलगा तेवढे वांचले. पोलिसांनीं भटक्या जमातीचे सहा जण धरले. २००६ सालीं नाशिकच्या सत्र न्यायालयानें सहाही जणांस फांशी सांगितली. २००७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. सरकार अपिलांत गेलें, आणि २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या तिघांची जन्मठेपही काढून सहाही जणांस फांशीच ठेवली. न्यायाच्या तिन्ही पायऱ्या संपल्या.

पुढें तेंच प्रकरण पुनर्विचारास आलें, आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांस निर्दोष ठरवून सोडलें ! कारण काय ? वांचलेल्या त्या माउलीनें पोलिसांच्या दप्तरांतल्या फोटोंवरून चौघे ओळखून दाखविले होते, आणि ते चौघे या सहांतले नव्हतेच. त्यांचा तपास झालाच नव्हता. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई द्यावी, असें न्यायालयानें सरकारास फर्माविलें. वाचकहो, मधल्या दहा वर्षांत फांशी उरकली असती, तर ते पांच लाख कोणाच्या तळहातावर ठेवले असते ? आणि त्या माउलीस तरी काय मिळालें ? भलत्याच्या गळ्यांत दोर अडकविला म्हणजे खरा मारेकरी मोकळा राहतो. ज्यांचें माणूस गेलें त्यांच्याही न्यायावर हा दरोडाच आहे.

हेच सहा जण कां धरले गेले, हें आमच्या लोकांस फोड करून सांगावें लागत नाहीं. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. चोरी कोठेंही होवो, हजेरी यांची. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या राज्यांतली ही हजेरी बंद केली. देशांतला तो कायदा १९५२ सालीं गेला. कायदा गेला, संशय मात्र राहिला. पालावर वाढलेल्या माणसास वकील कोठला ? आमच्याही घरीं खटला आला म्हणजे आधीं म्हैस जाते, मग बांधालगतचा तुकडा जातो, आणि तरी निकालाच्या दिवशीं वकील कोठें आहे हें विचारीत फिरावें लागतें. पैसेवाल्याचा खटला मात्र पहिल्या दिवसापासून मोठ्या वकिलाच्या हातीं असतो.

आतां जरबेचें पाहूं. उभ्या पिकाची राखण आम्ही जन्मभर करतों. राखणदार जागा असेल तर चोर शेतांत शिरत नाहीं. 'दहा वर्षांनीं सांपडलास तर हात तोडूं' अशी पाटी लावून कोणाचें पीक राहिलें आहे ? जरब बसते ती सांपडण्याच्या खात्रीनें. केंद्राच्या विधि आयोगानें २०१५ सालीं याचा विचार करून स्पष्ट सांगितलें, कीं जन्मठेपेपेक्षां फांशीची जरब अधिक असते असें सिद्ध होत नाहीं. दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून फांशी रद्द करावी.

आतां आमच्याच घरांतली एक कडू गोष्ट. २००६ सालीं भंडारा जिल्ह्यांत खैरलांजीस एका दलित कुटुंबांतले चौघे मारले गेले. २०१६ सालीं नगर जिल्ह्यांत कोपर्डीस एका मराठा शेतकऱ्याची कोंवळी लेक गेली. खैरलांजींत सहा जणांची फांशी २०१० सालीं उच्च न्यायालयानें उतरवून पंचवीस वर्षांची कैद केली, आणि जातीवरून झालेला हा गुन्हाच नव्हे असेंही म्हटलें. कोपर्डींत २०१७ सालीं सत्र न्यायालयानें तिघांस फांशी सांगितली. दोन्ही वेळां आम्हीं काय केलें ? मयत कोणाच्या जातीचें आणि आरोपी कोणाच्या जातीचे, हें पाहून फांशीची मागणी मोठी कीं लहान करावयाची तें ठरविलें. कोपर्डीनंतरच्या मोर्चांत तर फांशीच्या जोडीस अत्याचारविरोधी कायद्यांत बदल करण्याचीही मागणी निघाली. दोन्ही घरांचें दुःख एकच असतां दोर ही जातीची मोजपट्टी झाली ! बहुजनांचीं दोन घरें एकमेकांच्या गळ्याचें माप घेऊं लागलीं, तर शेटजी-भटजींस आणखी काय हवें ?

जोतीरावांवर मारेकरी घातले गेले, त्यांत एक रामोशी व एक कुंभार होता, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. दुसऱ्याच्या पैशानें आलेलीं तीं आमचींच पोटें होतीं. जोतीरावांनीं त्यांस शासनाच्या हवालीं केलें नाहीं ; जवळ केलें, आणि ते पुढें त्यांचेच सोबती झाले. प्रत्येक खुन्यास असेंच जवळ करावें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण हत्यार कोणाच्या हातीं आहे आणि तें दिलें कोणीं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढें त्यांतून शिकावें. बाबासाहेब आंबेडकरांनींही ३ जून १९४९ रोजीं घटना समितींत सांगितलें, कीं फांशीच्या अपिलांचा घोळ घालण्यापेक्षां ही शिक्षाच रद्द करणें आपण पसंत करूं. ज्यांनीं देशास कायदा दिला, त्यांचें हें मत आहे.

मग गुन्हेगारास मोकळें सोडावें काय ? मुळींच नाहीं. अघोरी गुन्ह्यास मरेपर्यंत तुरुंग असावा. त्यांतून चूक निघाली तर दार उघडतां येतें. सरणावरून कोणास उठवितां येत नाहीं. मागावयाचें तर तपास तांतडीनें व चोख व्हावा हें मागा. साक्षीदारास संरक्षण मागा. गरिबाच्या खटल्यास पहिल्या दिवसापासून चांगला सरकारी वकील मागा. मयताच्या घरच्यांस आधार मागा. पुढच्या मोर्चाच्या फलकावर या चार मागण्या लिहा. त्या मिळवावयास 'फांशी द्या' म्हणण्यापेक्षां जास्त कष्ट पडतील, आणि म्हणूनच सरकारला दोर देणें सोपें वाटतें.

बंधूंनो, दोर वळणें हा आपलाच धंदा आहे. आपण कासरा वळतों, नाडा वळतों, मोटेचा सोल वळीत होतों. ते सारे जगविणारे दोर. फांशीचा दोर मागण्यापूर्वीं घटकाभर थांबून आपल्या घरांतल्या माना मोजा.