करार देशाचा, कौल परक्या सभागृहाचा!

भारत-अमेरिका अणुकरारावर २००८ साली अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी मतदान केले. प्रतिनिधीगृहात २९८ विरुद्ध ११७ आणि सेनेटमध्ये ८६ विरुद्ध १३ असा कौल पडला, आणि मगच करारावर सह्या झाल्या. आमच्या लोकसभेनेही त्याच वर्षी २२ जुलैस मते मोजली खरी. पण ती मंत्रिमंडळ राहावे की जावे यासाठी! २७५ विरुद्ध २५६ मतांनी सरकार तरले. कराराच्या मसुद्यावर मात्र सभागृहाचे मत कोणी मागितलेच नाही.

यात घटनेचा दोष नाही. संघसूचीतील १४ व्या नोंदीने परराष्ट्रांशी करावयाच्या करारांविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेस दिलेला आहे. तो कायदा आजवर झाला नाही. मुलूख सोडावयाचा तर घटनादुरुस्ती हवी, असे बेरुबारी प्रकरणी १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बाकी सारे सरकारच्या मर्जीवर. अमेरिकेशी २०१६ साली झालेला लष्करी रसदीचा करार आणि २०२० चा भू-नकाशांच्या माहितीचा करार, दोन्ही संसदेच्या संमतीवाचूनच झाले. ही चाल आपण ज्यांच्याकडून उचलली, त्या ब्रिटनने २०१० साली कायदा करून, करार पक्का होण्यापूर्वी तो बैठकीचे २१ दिवस संसदेपुढे ठेवण्याचे बंधन सरकारवर घातले. आम्ही मात्र जुन्याच चालीला चिकटून आहोत!

संरक्षणाच्या वाटाघाटी चव्हाट्यावर कराव्यात, असे आम्ही म्हणत नाही. सर्वपक्षीय समितीने बंद दाराआड मसुदा वाचावा, सरकारला प्रश्न विचारावेत आणि त्यानंतरच करार पक्का व्हावा, एवढीच तरतूद आम्हांस हवी आहे. तसे विधेयक सरकारने आणावे. विरोधी पक्षांनीही त्याचा आग्रह सत्तेवर आल्यावर विसरू नये.