आपलाच ठराव आपल्यालाच गोपनीय?



धरणाचा, खाणीचा निर्णय मुंबईत होतो. गावाला कळतो तो मोजणीवाले शेतात उतरले की. कागद मागायला गेलं तर साहेबांचं उत्तर ठरलेलं, "मंत्रिमंडळाचा विषय आहे, गोपनीय आहे." एवढं ऐकलं की आपला माणूस गप परत फिरतो. साहेबाला तेच पाहिजे असतं.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ८(१)(झ). मंत्री, सचिव आणि अधिकारी यांच्या विचारविनिमयाचे कागद द्यायचे नाहीत, असं तिथं लिहिलंय. साहेब इथंच थांबतात, पुढचं वाचत नाहीत! पुढं लिहिलंय की निर्णय होऊन विषय संपला की तो निर्णय, त्याची कारणं आणि ज्या कागदांवरून तो घेतला ते कागद लोकांपुढं ठेवायचे. १९८१ साली न्यायाधीशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला पत्रव्यवहार उघड करायला लावला. मंत्र्यांनी दिलेला सल्ला झाकता येतो, त्यामागचे कागद नाही, असं कोर्टानंच सांगितलं.

मुंबईत बसून कोणता मंत्री काय बोलला ते आपल्याला नकोच आहे. ठेवा झाकून. पाहणी कोणी केली, घरं किती लिहिली, झाडं किती, आणि ग्रामसभेचा ठराव म्हणून कोणता कागद जोडला, ते दाखवा. ग्रामसभा भरलीच नसेल तर अंगठे कुणाचे? ठराव आपल्या नावाचा, आणि तो आपल्यालाच बघायला बंदी!

वनहक्काच्या दाव्यातही हाच खेळ. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवा म्हणतात. दंडाच्या पावत्या आपल्या छपरात भिजून गेल्या, पण त्यांच्या रजिस्टरात आपल्या आजाचं नाव आहे. गुन्हा लावताना नाव बरोबर सापडतं, दावा आला की दप्तर हरवतं. इथं तर मंत्रिमंडळाचं नावसुद्धा घेता येत नाही. वनहक्क नियम १२(४) प्रमाणे ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं लेखी मागितलं की प्रमाणित प्रत द्यावीच लागते.

माहितीच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स जोडा, तिकीट लागत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. आणि तोंडी "गोपनीय" ऐकून घरी येऊ नका. नकार लेखी घ्या, कारणासकट, आणि तो कागद पुढच्या बैठकीला घेऊन या.