गांव कोणीं उभें करावें?

दिवाळी सरली कीं आमच्या सोनपेठ तालुक्यांत कित्येक वर्गांतील जागा रिकाम्या दिसूं लागतात. हीं मुलें आजारी नसतात, आळशीहि नसतात. तीं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलीं असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता धरलेला. मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरीं परत येणें नाहीं. मागें राहिलेले लोक पारावर बसून म्हणतात, “सरकारनें येथें एखादा मोठा कारखाना काढला म्हणजे गांव सुधारेल.” हें म्हणणें कितपत खरें आहे याचा विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं शांतपणें विचार करावा, म्हणून हे चार शब्द.

कारखाना येतो तसा जातोहि. स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्क या गांवाची हकीकत पाहा. डेव्हिड डेल या गृहस्थानें क्लाइड नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या तेथील सूतगिरण्या १७८६ सालीं सुरू केल्या. १८०० पासून त्यांचा कारभार रॉबर्ट ओवेन याच्याकडे आला. त्यानें दहा वर्षांखालील मुलांस गिरणींत घेण्याचें बंद केलें आणि १८१६ सालीं लहान मुलांसाठीं शाळा उघडली. परंतु १९६८ सालीं त्या गिरण्या बंद पडल्या, लोक निघून गेले व घरें ढासळूं लागलीं. १९७४ सालीं या कामासाठीं एक न्यास निघाला. जुन्या घरांची डागडुजी झाली आणि त्यांत पुन्हां माणसें राहूं लागलीं. २००१ सालीं युनेस्कोनें त्या गांवाला जागतिक वारशाचा मान दिला. गिरणी गेली, गांव मात्र राहिलें.

आपल्या महाराष्ट्रांतील राळेगणसिद्धीचें उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांतील या अवर्षणग्रस्त खेड्याचा मुख्य उद्योग एके काळीं दारू गाळण्याचा होता. सुमारें चाळीस भट्ट्या तेथें पेटत. माल आसपासच्या गांवीं जाई आणि अनेक घरांच्या चुली त्यावर चालत. उद्योग होता, पण गांव मरत होतें. देवळाचीं लांकडें काढून भट्टीखालीं घालण्यापर्यंत मजल गेली होती. १९७५ सालीं सैन्यांतून निवृत्त होऊन आलेल्या अण्णा हजारे यांनीं आपल्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून यादवबाबांचें तें मंदिर दुरुस्त केलें. त्याच मंदिरांत गांव जमूं लागलें आणि भट्ट्या बंद करण्याचा विचार पक्का झाला. पण भट्टी बंद करणाऱ्यानें खावें काय? याचें उत्तर पाण्यानें दिलें. श्रमदानानें नाले बांधले, पडलेला पाऊस जमिनींत मुरविला; विहिरींना पाणी आलें, शेती पिकूं लागली, दुधाचा धंदा वाढला. गांवकऱ्यांनीं शाळाहि उभारली, आणि इतरत्र नापास होऊन घरीं बसलेल्या मुलांस तींत आवर्जून घेतलें. माझ्यासारख्या शिक्षकास राळेगणच्या सर्व गोष्टींत हीच सर्वांत मोठी वाटते.

तथापि एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. दारू सोडीनात अशा माणसांस तेथें खांबाला बांधून मारण्यांत आलें, हें स्वतः हजारे यांनींच सांगितलेलें आहे. मुलाच्या हितासाठीं आईहि शिक्षा करते, असें त्याचें समर्थन करण्यांत येतें. मला तें मान्य नाहीं. गांवांत उभें राहावयाचें तें दुबळ्यांतल्या दुबळ्या माणसानें. त्यालाच सर्वांदेखत खालीं पाहावयास लावून मिळविलेली सुधारणा अपुरी होय. व्यसनी मनुष्य हा पातकी म्हणून नव्हे, तर आजारी म्हणून आपल्या दारीं यावा, असेंच आपणांस शिकविलेलें आहे.

मारावांचून नियम पाळला जातो काय? जातो, पण त्या नियमाचें फळ सर्वांच्या वाट्याला आलें पाहिजे. पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचें काम सुरू केलें. तेथील नियम असा: पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, तर घरांतील माणसांच्या मानानें वांटावयाचें. दर माणशीं अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल एवढें पाणी. भूमिहीनालाहि वांटा, आणि त्या पाण्यावर कोणीं ऊस लावावयाचा नाहीं.

हा नियम वाचतांना आपल्या तालुक्याकडे पाहावें. येथें ज्याची विहीर त्याचें पाणी, आणि ज्याला पाणी त्याचा ऊस. ज्याला विहीर नाहीं तो उचल घेऊन दूरदेशीं दुसऱ्याचा ऊस तोडावयास जातो. २०१६ सालीं जवळच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तरी आपला हा क्रम मोडला नाहीं. नवा कारखाना आला म्हणून ही विषमता जाणार नाहीं. फार झालें तर त्याच माणसाला दुसऱ्या मुकादमाची उचल मिळेल.

पवित्र शास्त्रांत नहेम्याची कथा आहे. यरुशलेमेचा तट पडलेला पाहून त्यानें लोकांस एकत्र केलें. तट बांधतांना कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचाच भाग उचलला, आणि तशा लहान लहान तुकड्यांनीं सबंध तट जोडला गेला. त्या बांधणाऱ्यांत सोनार होते, सुगंधी द्रव्यें करणारे होते. एकानें तर आपल्या मुलींना बरोबर घेऊन काम केलें. आमच्या गांवांनींहि एवढेंच करावें. ग्रामसभेनें दर वर्षीं पावसाळा संपतांच विहिरींचें पाणी मोजून त्या मानानें पिकें ठरवावीं. पाण्यांत भूमिहीनाचा वांटा धरावा. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचीं मुलें तेवढे महिने गांवानें सांभाळावीं: कांहीं हंगामी वसतिगृहांत, कांहीं आजीपाशीं, कांहीं शेजारच्या घरीं. एक ताट जास्त वाढल्यानें कोणतेंहि घर बुडत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याहि घरासमोर तटाचा एक तुकडा आहे. तुमच्या शेजारची जागा दिवाळीनंतर रिकामी होईल, तेव्हां त्या मुलाचें नांव विसरूं नका. त्याच्यासाठीं धड्यांचीं टिपणें लिहून ठेवा, आणि तो परत आला कीं त्याला आपल्याजवळ बसवून घ्या. त्याला परतावेंसें वाटेल असें गांव आणि अशी शाळा आपण राखली, तर सोनपेठ पुन्हां उभें राहूं लागलें असें मी म्हणेन.