हिशोब दुसऱ्याच्या हातात, तोटा आपल्या



'हिशोब मांडला तर शेती होणार नाही,' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे शहाणपण नाही, ही हार आहे. हिशोब न मांडल्याने आपला तोटा टळत नाही, फक्त तो सिद्ध करता येत नाही.

शेजारच्या खेड तालुक्यात आंबेठाणला शरद जोशींनी आधी स्वतःच्या शेतीचा जमाखर्च मांडला. त्या आकड्यांतून उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी उभी राहिली आणि १९८० साली चाकणला कांद्यासाठी रस्ते अडले. घोषणा नंतर आल्या. आधी वही आली.

आज जुन्नर-आंबेगावात काय चालले आहे? नारायणगावच्या टोमॅटोची, मंचरच्या कांद्याची पट्टी खिशातच धुतली जाते. औषधाची उधारी दुकानदाराच्या वहीत. घरच्या बाईची खुरपणी कुठेच नाही.

लिबर ऑफिसचे कॅल्क फुकट मिळते. ती आखलेली वहीच आहे. तारीख, बाब, रक्कम असे तीन रकाने करा. बरोबरचे चिन्ह देऊन इंग्रजी अक्षरांत 'सम' लिहा, कंसात पहिले आणि शेवटचे घर द्या : बेरीज तयार. 'सम-इफ' नुसती मजुरी वेचून तिची बेरीज देते. मात्र बाबीचे नाव दरवेळी एकाच पद्धतीने लिहा.

'अॅव्हरेज'पासून सावध राहा. समजा, ५० किलोच्या १० पिशव्या गोळा कांदा दहा किलोला २५० रुपयांनी गेला आणि ६० पिशव्या गोलटी १२० ने. अॅव्हरेज सांगेल १८५. पण एकूण पैसे ४८,५००, वजन ३,५०० किलो. खरा भाव दहा किलोला १३८ रुपये ५७ पैसे! म्हणून एकूण पैशाला एकूण वजनाने भागा. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा करा. पेपरात गोळ्याचा चढा भाव वाचून 'शेतकरी मालामाल' म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

सरकारही हिशोबातच खेळते. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला, पण खर्चात धरली ती रोखीची रक्कम आणि घरची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज गाळले. कांदा-टोमॅटोला तर हमीभावच नाही. म्हणून आपल्या तक्त्यात खंड, व्याज आणि घरच्या माणसांची मजुरी लिहाच. मालकिणीचा रोजही मजुरिणीइतकाच धरा.

संगणक नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना बसवा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने निदान पाच घरांचे तक्ते छापून आणावेत. भीक मागायला आकडे लागत नाहीत. घामाचे दाम मागायला लागतात.